मंगोलांची खोटी माघार : माहीत असूनही शत्रू फसत कसे?

पेठकर
आमच्या पुण्यातील वाचनगटात सध्या तेराव्या शतकातील मंगोल मोहिमांचा विषय चालू आहे. पळाल्याचे सोंग करून शत्रूला पाठलागावर ओढायचे आणि तो विस्कळीत झाला की उलटून घेरायचे, ही त्यांची रीत सर्वांनाच ठाऊक असावी, असे वाटते. तरीही एकामागून एक अनुभवी सेनापती तिला बळी का पडले? शिवाय गटातील काही सदस्य या रीतीला सरळ ‘गनिमी कावा’ म्हणतात, ते मला पटत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

घोडदळ
खरी पळापळ आणि खोटी माघार पहिले काही तास अगदी सारखीच दिसते, आणि खऱ्या पळापळीत पाठलाग न करणे म्हणजे हाती आलेला विजय सोडून देणे. त्यामुळे सावध सेनापतीपुढेही पेच राहतोच. १२२३ मध्ये मंगोल सेनापती जेबे आणि सुबुताई यांनी रशियन राजपुत्रांना आणि त्यांच्या किपचाक (गवताळ प्रदेशातील भटक्या तुर्की टोळ्या) मित्रांना सुमारे नऊ दिवस मागे मागे ओढत कालका नदीपर्यंत नेले. तोवर त्या फौजांच्या तुकड्या एकमेकींपासून लांब पडल्या होत्या. त्यांच्यापैकी गालिचचा राजपुत्र म्स्तिस्लाव कीव्हच्या राजाला न कळवताच नदी ओलांडून लढाईला भिडला, आणि किपचाक उधळले तेव्हा त्यांनी मागून येणाऱ्या रशियन रांगाच तुडवल्या. कीव्हचा राजा टेकडीवरील छावणीत बसून राहिला आणि तिथेच अडकला.

माझ्या मते अधिक विचार करण्याजोगा प्रश्न असा आहे की, पळता पळता मंगोल सैन्य खरोखरच का फुटत नसे? दहा, शंभर, हजार, दहा हजार अशी त्यांची रचना होती, आणि दहांतील काही जण लढाईतून पळाले तर त्या दहाही जणांना देहदंड होई. प्रत्येक स्वाराजवळ बदलीचे घोडे असत. म्हणूनच पाठलाग करणाऱ्याचे जनावर दमले असताना यांना ताज्या घोड्यावर बसून वळता येई. मागे वळून धावत्या घोड्यावरून बाण सोडण्याचे कसब तर लहानपणापासूनचे. आणि हिवाळी शिकारीत मैलोन् मैल कडे करून जनावरे आत हाकत आणताना, ज्याच्या जागेतून एखादे निसटे त्याला शिक्षा होई. माझ्या दृष्टीने ही शिकार म्हणजे पूर्ण लष्करी सरावच होता.

कोस
आपल्याकडचे उदाहरण राहून गेले. १२९९ मध्ये कुतलुघ ख्वाजाची मंगोल फौज दिल्लीजवळ कीली येथे आली. अलाउद्दीन खलजीचा सरदार जफर खान याने सुलतानाच्या आज्ञेची वाट न पाहता हल्ला केला, मंगोल मागे हटले आणि जफर खान त्यांचा पाठलाग करीत तब्बल १८ कोस दूर गेला. दरम्यान मंगोलांच्या दुसऱ्या तुकडीने त्याची परतीची वाट रोखली. मदतीला कोणीही आले नाही आणि तो लढता लढता मारला गेला. जफर खान मंगोलांना चांगला ओळखून होता. त्याला अज्ञानाने नव्हे, तर पराक्रमाच्या ईर्षेने ओढले असावे, असे मला वाटते.

पेठकर
कीलीचे उदाहरण फार नेमके आहे, आभार. गनिमी काव्याविषयी मात्र कोणी लिहिले नाही.

घाटवाट
आपली शंका रास्त आहे. १६६१ मध्ये शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन असताना त्याने पाठवलेल्या कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडले. तिथे निर्णायक ठरली ती अरुंद वाट, दाट झाडी आणि शत्रूला न मिळालेले पाणी. म्हणजे भूमीच अर्धी लढाई लढली. मंगोलांना याच्या उलट मोकळे मैदान लागे. साम्य शोधायचेच असेल तर ते पहिल्या बाजीरावाच्या १७२८ मधील पालखेडच्या मोहिमेत शोधावे. निजाम पुण्यावर आलेला असतानाही बाजीराव त्याच्या समोर न जाता बऱ्हाणपूरच्या रोखाने त्याच्या मुलखात घुसला, आणि निजामाला जड तोफा मागे ठेवून त्याच्यामागे धावावे लागले. तरीही बाजीरावाने त्याला जेरीस आणले ते पाणी आणि रसद तोडून. घेरून बाणांनी कापून काढणे हा प्रकार त्यात नव्हता.

कोस
एक पुरवणी. ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाईनमधील ऐन जालूत येथे इजिप्तच्या मामलुकांनी हीच खोटी माघार मंगोलांवर उलटवली. मामलुक सरदार बैबर्सने मंगोल सेनापती कितबुकाला डोंगरांकडे ओढले, तिथे मामलुक सुलतान कुतुझ मुख्य फौजेसह दबा धरून होता. मात्र कितबुकाजवळ तेव्हा सैन्य थोडेच उरले होते. मंगोलांचा सर्वोच्च शासक मोंगके खान याच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ हुलागू बहुतेक फौज घेऊन मागे गेला होता, आणि सीरियात एवढ्या घोड्यांना पुरेल इतका चाराही नव्हता. बदलीच्या घोड्यांची जी सोय ‘घोडदळ’ यांनी वर सांगितली, तिची किंमत अशी गवतात मोजावी लागे.