दोघांपुरतं : साधं खाणं, घरचं भाजणं

धागा काढायचं कारण अगदी क्षुल्लक आहे. परवा रात्री आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात दोन तास लाइट गेली. दुपारी नातेवाइकांकडे दाल-बाफले (डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) झालेले, पोटात जागा नव्हती, आणि तरी दोघांनाही झोपायच्या आधी 'काहीतरी' हवं होतं. मेणबत्तीच्या उजेडात मी मऊ भात टाकला, ह्यांनी मेतकुटाची बरणी शोधून काढली, आणि तूप घालून आम्ही एकाच पातेल्यातून जेवलो. ताटं घ्यायचा कंटाळा, दुसरं काही नाही. तेव्हा मनात आलं की इंदूरच्या खाण्याची गोष्ट निघाली की सगळे सराफा नाहीतर छप्पन दुकान हे खाऊबाजार गाठतात आणि तिथेच बसतात. इथली मराठी जोडपी दार लावून घेतल्यावर काय खातात, ते कुणी विचारत नाही.

तर लिहा. पाहुण्यांसाठी करता ते नको, फोटो काढण्याजोगं तर नकोच. तवा, कुकर, ओव्हन, काहीही चालेल. बिघडलं असेल तर ते आधी सांगा. ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींनाही आग्रहाचं बोलावणं.

*

आमचा विषय पोहे. मी पुण्याची, हे जन्माचे रामबागेतले. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी कांदा-बटाट्याची फोडणी केली, तर हे मागे उभे राहून म्हणाले, "वाफेवर नाही ठेवणार?" मला वाटलं थट्टा करताहेत. इथे पोहे भिजवून, हळद-मीठ-साखर लावून, उकळत्या पाण्यावर चाळणीत ठेवतात. फोडणीत बडीशेप आणि अख्खे धणे. कांदा कच्चा, तोही वरून. मग सेव, जीरावन (इथला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), लिंबू. आमच्याकडे ओलं खोबरं नसेल तर पोह्यांना पोहे म्हणत नाहीत.

बरीच वर्षं एक रविवार त्यांचा, एक माझा असं चाललं. आता फोडणी माझी, वाफ त्यांची. जीरावन ज्याच्या त्याच्या बशीत. पोह्यांबरोबर जलेबी मात्र मला अजून झेपलेली नाही. माझ्या वाटणीची हेच खातात, आणि डॉक्टरांना मात्र दोघांची मिळून एकच सांगतात.

*

भाजण्याबद्दल कुणी लिहील की नाही कोण जाणे, म्हणून मी लिहिते. राजेंद्र नगर, इंदूर.

लेकीने दिलेला ओव्हन चार वर्षं आमच्याकडे पापडांचं कपाट होता. मिस्टर बँकेतून रिटायर झाले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पापड बाहेर काढले. म्हणाले, पाव करणार. मी म्हटलं करा, मला काय.

पहिल्या वेळी यीस्टसाठी पाणी घेतलं ते मी मोदकांच्या उकडीला घेते तसं, खळखळ उकळतं. यीस्ट जिवंत असतं, पाणी अंगाला सोसेल इतकंच कोमट हवं, साठ डिग्रीच्या आसपास ते मरतंच, हे आम्हाला मागाहून कळलं. जो पाव निघाला तो मी बत्त्याने फोडला. खरंच सांगते, बत्त्याने. बाफला तरी समजूतदार असतो, आधी पाण्यात उकळतो, मग भाजला जातो, आणि तुपात बुडवला की त्याचं सगळं माफ. आम्हीही तेच केलं. तुकडे आमटीत टाकले, वर तूप ओतलं आणि खाल्ले. वाईट लागले नाहीत.

मग वजनकाटा आला. 500 ग्रॅम मैदा, 325 पाणी, 10 मीठ, 5 यीस्ट. एका वहीत सगळं लिहून ठेवतात, तारखेसकट. मी जन्मभर अंदाजाने कणीक मळली, त्यामुळे न राहवून म्हटलं, "पाणी जास्त झालंय." तर उत्तर, "टॅली होतंय." पुढे त्यांनी अर्धा मैदा काढून सीहोरकडच्या शरबती गव्हाचं पीठ घातलं. कणकेला पाणी जास्त लागतं हे मी आधीच सांगितलं होतं, पण ते वहीत नव्हतं! दोन पाव विटेसारखे झाल्यावर वहीत आलं. तारखेसकट.

जानेवारीत वेगळंच संकट. इथे थंडीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, पीठ संध्याकाळी ठेवलं ते सकाळी तसंच्या तसं, जराही वर आलेलं नाही. रजईत गुंडाळून झालं, डाळीच्या डब्यांमागे ठेवून झालं. शेवटी जागा सापडली ती इन्व्हर्टरच्या डोक्यावर. लाइट जाऊन आली की तो चार्जिंगला लागतो आणि छान कोमट होतो. त्यामुळे हल्ली आमच्याकडे लाइट गेली की अख्खी गल्ली विद्युत मंडळाला नावं ठेवते आणि हे आनंदाने पीठ मळायला घेतात.

पाव झाला का ते बघायला त्याला उलटा करून बुडावर टिचकी मारायची. पोकळ वाजला की झाला. आई माठ घेताना मारायची, अगदी तशी. निवल्याशिवाय कापू नये म्हणतात, आत चिकट राहतो. आमच्याकडे तो निवत नाही. कडेचा पहिला तुकडा माझा, घरचं लोणी आणि वर साखर. तोवर हे कपात चहा गाळून ठेवतात आणि "कसा झालाय?" असं न विचारता नुसते बघत बसतात.

*

मी मराठी नाही, मालवी आहे. बायको मराठी. लिहिण्यात चूक झाली तर तिला सांगा, ती मला सांगेल.

आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत, ओव्हन नाही. तिच्या वाढदिवसाला कुकरमध्ये केक करायचं ठरवलं. तळाला मीठ पसरायचं, वर जाळी, जाळीवर डबा. शिट्टी काढायची, हे वाचलं होतं. रिंगसुद्धा काढायची, हे वाचायचं राहिलं. कणीक, गूळ, तूप, खायचा सोडा. दही नव्हतं म्हणून दूधच घातलं. सोड्याला आंबट काही लागतं, नाहीतर तो फुलत नाही, हे तिने केक बघून सांगितलं. केक फुलला नाही, पण रिंग जळाली आणि तिचा वास दोन दिवस राहिला. रात्री साडेदहाला ती म्हणाली, "शिरा समजून खाऊ." गरम दूध घालून खाल्ला. आता दर वर्षी तिला तोच पाहिजे असतो, दही न घालता. फक्त रिंग काढून.

जीरावनबद्दल वर लिहिलंय त्यांना सांगतो, मी वरण-भातावरपण घालतो. सासूबाई आता काही बोलत नाहीत.

*

इन्व्हर्टरवाल्या काकू, आज करून बघितलं. आमच्या इन्व्हर्टरवर आधीच मांजर बसलेली होती.

*

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्या शेजारचं मुरैना गजकसाठी प्रसिद्ध. एका थंडीत आम्हा दोघांना खुमखुमी आली की घरी करू. गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढत राहायचा, रंग फिका होईपर्यंत, आणि मग तिळात घालून कुटायचा. हिने पाक केला, मी ओढला. तिसऱ्या ओढीला पाक फरशीवर आणि मी त्याच्यावर. तीळ-गुळाचे खडे चमच्याने खरवडून खाल्ले. संक्रांत होऊन गेली, पण खुंटीवर अजून मुंग्या चढतात. बाजारातून आणतो आता.

*

बडोदा, दांडिया बाजार. माझ्या सासूबाईंनी मला हांडव्याचं भांडं दिलं. खाली वाळूची थाळी, वर भांडं, गॅस बारीक. तांदूळ-डाळींचं आंबवलेलं पीठ, त्यात किसलेला दुधी, वरून तिळाची फोडणी. ओव्हन नव्हते तेव्हाचं हे गुजराती भाजणं. आम्ही मराठी असून गुरुवारी रात्री घरात हेच असतं, सोबत चहा. ह्यांना हांडवा सुरीने कापलेला आवडत नाही, मोडून हवा. मी कापते. आठवड्यातून एकदा भांडायला एवढं पुरतं.

*

इंदूरजवळ पिथमपूरला कारखान्यात आहे. दुसरी पाळी संपवून घरी यायला रात्रीचे साडेबारा होतात. बायको शाळेत शिकवते, पाचला उठते, त्यामुळे जागत बसू नको असं आमचं ठरलेलं आहे. ती कढईत कांदा-लसणाची फोडणी करून झाकून ठेवते, शेजारी वाटीत मोजून बेसन, कोथिंबीर चिरलेली, भाकरी फडक्यात. मी आलो की फोडणी गरम करायची, पाणी घालायचं, उकळी आली की बेसन भुरभुरत ढवळायचं. सुरुवातीला नुसत्या गुठळ्या व्हायच्या. आता हात बसलाय, तर परवा ती डोळे चोळत आली, कढईत डोकावली आणि म्हणाली, "गुठळ्या कुठायत?" उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि गेली झोपायला. काल मुद्दाम बेसन एकदम टाकलं.

*

धागाकर्तीच परत. इतकं वाचल्यावर आज आम्ही भुट्ट्याचा कीस केला. पावसाळ्यात तो व्हायलाच हवा, आणि त्याला देशी भुट्टेच हवेत. ते अमेरिकन मक्याचे गोड दाणे पाणी सोडतात. किसायचं काम ह्यांचं, सहा कणसं, कारण किसणीवर बोटं माझी सोलतात आणि ऐकावं ह्यांना लागतं. तुपात मोहरी-हिंग-मिरची, कीस परतायचा तो कच्चा वास जाईपर्यंत, मग दूध, आणि मग ढवळत उभं राहायचं. मक्याचा कीस उडतो. डाव्या मनगटावर एक थेंब बसलाच.

किसलेली कणसं ओल्या कचऱ्यात टाकून आलेत आणि आता विचारताहेत की लिंबू कापू की तू कापतेस. येते.