किट 'स्वच्छ' म्हणतं, म्हणून हातपंप सुरू ठेवू नका

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा या औष्णिक वीजकेंद्रांच्या पट्ट्यातल्या एका शाळेच्या हातपंपाचं पाणी ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणी किटवर ठीक आलं, म्हणून विषय संपला असं काहीजण म्हणतात. नाही संपला. त्या किटमध्ये साधारण सामू (pH), काठिण्य, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह एवढंच तपासतात. वीजकेंद्रातली कोळशाची राख साठवतात त्या तलावाजवळ शंका असते ती आर्सेनिक, पारा, बोरॉन, मँगनीजची. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा. जिल्हा परिषदेला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात 'जड धातू' हे शब्द स्पष्ट लिहा. नाहीतर नेहमीचीच चाचणी होते.

नमुना घेताना हजर राहा. आधी दहा मिनिटं पंप हापसा. पाइपातलं साचलेलं पाणी गंजाचं लोह दाखवतं. धातूंच्या चाचणीसाठीच्या बाटलीत तिथल्या तिथे नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. जिवाणूंच्या चाचणीची बाटली निर्जंतुक, वेगळी आणि बर्फात.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५. पाणी उकळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून यातलं काहीच जात नाही. उकळल्याने प्रमाण उलट वाढतं. खडकातल्या भेगांमुळे शेजारची विहीर चांगली निघू शकते, म्हणून आसपासचे तीन-चार स्रोतही तपासायला सांगा.

अहवाल येईपर्यंत टँकर मागा आणि पंपाचा दांडा काढून ठेवा. 'पाणी पिऊ नका' या अर्थाचा नुसता लाल रंग पंपावर मारला तर मुलं पाणी पितातच.