दाह, शोथ की सूज? माशाच्या गर्भात अडकलेला शब्द

प्रश्न

रक्ताच्या मूलपेशींवरचा, म्हणजे ज्यांतून सगळ्या रक्तपेशी बनतात त्यांच्यावरचा, मजकूर मराठीत लिहितेय. 'इन्फ्लमेशन'पाशी घोडं अडलंय. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'झेब्रा माशाच्या गर्भात दाहामुळे रक्ताच्या मूलपेशी तयार होतात.' बहिणीने वाचून विचारलं, "का गं, त्याला भाजतात का?" 'दाह' खोडून 'सूज' केलं, तर मासाच सुजला. काय लिहू?

प्रतिसाद

शोथ. यकृतशोथ, संधिशोथ रुळलेले आहेत. विषय संपला.

प्रतिसाद

कसला संपतोय! शोथ म्हणजे संस्कृतातली सूजच. शोथ काय, श्वयथु काय, दोन्ही फुगण्याच्या धातूतून आलेत. दाह 'दह्'मधून, म्हणजे जळणं. 'इन्फ्लमेशन'च्या पोटातही ज्वाळाच आहे, तेव्हा व्युत्पत्तीने दाह जवळचा. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. चारांतलं एक उचलून सगळ्या प्रकाराला त्याचंच नाव द्यायचं, एवढंच आपण करतो. यकृताला शोथ दिला, आंत्रपुच्छाला दाह. त्यात नियम शोधू नका.

प्रतिसाद

प्रश्नकर्तीची अडचण निराळी आहे. तिच्या माशात या चारांतलं एकही लक्षण नाही. जखम नाही, जंतू नाहीत.

तिथे काय घडतं ते बघा. झेब्रा माशाचा गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे सगळं जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. फलनानंतर दीड-दोन दिवसांनी मुख्य रोहिणीच्या तळाच्या अस्तरातली एखादी चपटी पेशी बाक काढते, गोल होते आणि शेजारणींचे हात सोडून भिंतीबाहेर पडते. ती रक्ताची मूलपेशी. हे चित्रण 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. पेशीने भिंत सोडावी यासाठी निरोप लागतात, आणि त्यांतले काही नेमके तेच, जे मोठ्या प्राण्यात जंतुसंसर्गाच्या वेळी सुटतात. 2014 मध्ये दिसलं की टीएनएफ-अल्फा हे रसायन गर्भातल्या अगदी सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, पुरवतात. तो निरोप अडवला की मूलपेशी कमी निपजतात. उंदराच्या गर्भात इंटरफेरॉन या अशाच दुसऱ्या निरोपाचंही असंच.

म्हणून मी 'दाहसंकेत' लिहीन. आग नाही, आगीच्या वेळी वाजते ती घंटा.

जाता जाता: टीएनएफमधला 'टी' म्हणजे ट्यूमर, गाठ. 1975 मध्ये गाठी मारणारा घटक म्हणून त्याचं बारसं झालं. आणि सेल्ससच्या लॅटिनमध्ये 'टुमोर' म्हणजे साधी सूज! या गर्भात गाठही नाही, सूजही नाही, नाव मात्र चिकटलंय.

प्रतिसाद

'दाहसंकेत' छान, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला 'दाह होण्याचा इशारा' वाटेल. एकदा फोड करून सांगा, 'जंतूंशी लढताना शरीर जे रासायनिक निरोप धाडतं ते', आणि मग खुशाल वापरा.

शिवाय गर्भातला आणि मोठ्या प्राण्यातला प्रकार एकाच वाक्यात कोंबू नका. मोठ्या उंदरात इंटरफेरॉन-अल्फा झोपलेल्या मूलपेशींना जागं करून विभाजनाला लावतो, हे 2009 मध्ये दाखवलं गेलं. असं सतत उठवत राहिलं की त्या थकतात. तिथे 'दाह' शोभतो. गर्भात तोच निरोप जन्माला हातभार लावतो.

प्रतिसाद

आणि 'डेव्हलपमेंट'चा डोळे झाकून 'विकास' करू नका. पेशी आधीपासून आहे आणि ती सुधारतेय, असं वाटतं. इथे उगम म्हणा. 'ॲनिमल मॉडेल'चं 'प्राणी-प्रतिमान'ही नको. मासा आणि उंदीर म्हटलं की भागतं.

प्रश्नकर्ती

आता वाक्य असं: 'जंतूंशी लढताना शरीर जे रासायनिक निरोप धाडतं, त्यांतलेच काही झेब्रा माशाच्या गर्भात, जंतू नसतानाही, रक्ताच्या मूलपेशींच्या उगमाला लागतात. त्यांना आपण दाहसंकेत म्हणू.' बहिणीने मुकाट्याने वाचलं.

प्रतिसाद

वाक्य झकास. पण मासा अंड्यात वाढतो, आईच्या पोटात नाही. मग 'गर्भ' की 'भ्रूण'?

प्रश्नकर्ती

भ्रूण. हे बहिणीच्या आधी तुम्ही पकडलंत, आभारी आहे.