सीसीच्या आधी छातीची रुंदी मोजून घे

मैत्रिणीला ३५० सीसीचं (सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, इम्प्लांटचं आकारमान) स्तनाचं इम्प्लांट शोभलं, मग आपणही तेवढंच घ्यावं का, असं तू विचारलं आहेस. मनापासून सांगते, हा आकडा बाजूला ठेव आणि आधी सर्जनकडून स्तनाच्या तळाची रुंदी मोजून घे. इम्प्लांटचा व्यास त्याहून जास्त असेल तर ते काखेकडे पसरतं, नाहीतर मधे दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. शिवाय ३५० सीसी लो प्रोफाइलमध्ये रुंद आणि चपटं येतं, हाय प्रोफाइलमध्ये अरुंद आणि पुढे आलेलं. तुझी अंगकाठी बारीक आहे, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं.

दुसरं, त्वचेखालचा थर. सर्जन तो चिमटीत धरून मोजतात. वरच्या भागात २ सेंमीपेक्षा कमी भरला तर इम्प्लांट बहुधा स्नायूखाली ठेवतात, नाहीतर कडा दिसतात, सुरकुत्या जाणवतात. इम्प्लांटच्या जास्त वजनाने हा थर वर्षानुवर्षं ताणून पातळ होतो, आणि नंतर इम्प्लांट काढलं तरी तो पूर्ववत होत नाही. ही गोष्ट कुणी आधी नीट सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, हेही घरच्यांशी बोलताना सांग. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, हे जरूर विचार. खरखरीत प्रकाराशी एका दुर्मिळ लिम्फोमाचा (एक प्रकारचा कर्करोग) संबंध आढळल्यावर २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली खरखरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली होती. आणि सर्जन प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी घेतलेले आहेत ना, ते बघ.