टॅली-एक्सेल शिकवताना माऊस काढून घ्यावा का?

खतावणी
स्पष्टच लिहितो. हिशेबाच्या कामावर येणाऱ्या नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस माऊस देऊच नये. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये तो लागतो कुठे? एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. पार्टीचं लेजर म्हणजे खातं उघडलेलं नसेल तर व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, अर्धवट न टाकता तिथेच ऑल्ट+सी दाबून ते उघडायचं. तारीख बदलायला एफ२, मागचं व्हाउचर बघायला पेज अप.
एक्सेलमध्येही तेच. कंट्रोल+शिफ्ट+एल दाबलं की फिल्टर लागतो, शीर्षकाच्या सेलवर ऑल्ट+खालचा बाण दाबला की यादी उघडते. सूत्र वगळून नुसता आकडा चिकटवायचा तर कंट्रोल+ऑल्ट+व्ही, मग व्ही, मग एंटर. माऊस हाताशी असला की हे कोणीही शिकत नाही.

उंदीरमामा
साफ असहमत. अ‍ॅपलमध्ये इंटरफेसचं काम करणाऱ्या ब्रूस टोग्नाझिनींनी १९८९ मध्येच लिहून ठेवलंय की लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, पण स्टॉपवॉच माऊसच्या बाजूने बोलतं. बटण आठवण्यात गेलेला वेळ माणसाला जाणवतच नाही, म्हणे.
शिवाय तुमच्या दोन लाडक्या प्रोग्रॅमचंच एकमेकांशी पटत नाही. एक्सेलमध्ये कंट्रोल+ए म्हणजे सगळं निवडा, टॅलीत तेच दाबलं की व्हाउचर जमा. नवा माणूस नरेशनमधला, म्हणजे नोंदीखालच्या टिपणीतला मजकूर निवडायला जातो आणि अर्धवट नोंद सेव्ह होऊन पुढचं कोरं व्हाउचर समोर येतं! त्यात टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ आवृत्तीत कंट्रोल+एफ८ ला क्रेडिट नोट होती, ती नव्या प्राइममध्ये ऑल्ट+एफ६ वर गेली. बोटांना लावलेली सवय मोडायला नवी लावण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

खतावणी
मामा, टोग्नाझिनींचा मुद्दा महिन्यातून एकदा लागणाऱ्या बटणांना लागू आहे. दिवसभर सेल्सची बिलं चढवणाऱ्याला एफ८ आठवावं लागत नाही. खरा वेळ जातो तो उजवा हात नमपॅडवरून, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवरून उचलण्यात. पाचाच्या बटणावर जो बारीक उंचवटा असतो त्यावर मधलं बोट टेकवून न बघता आकडे पडतात. माऊसकडे गेलेला हात परत आला की आधी तो उंचवटा शोधा.
कंट्रोल+ए बद्दल मात्र मान्य. नवख्याला ते सांगूच नये. एंटर मारत शेवटपर्यंत जाऊ द्यावं, तिथे स्वीकारायचं का असं विचारलं जातं.

टॅबटॅब
तुम्ही दोघं वेगावरून भांडताय. दृष्टिहीन माणूस एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लावून काम करतो तेव्हा त्याच्यापुढे माऊसचा पर्यायच नसतो. आणि घोडं अडतं ते टॅलीत नाही, वेबसाइटवर. चित्रासारखं दिसणारं ‘पुढे जा’ बटण डिव्ह म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकटीवर क्लिक बांधून केलेलं असतं. टॅब त्याच्यावरून उडी मारून जातो. तिथे एचटीएमएलचा खरा बटण टॅग वापरला असता तर टॅब, एंटर, स्पेस सगळं फुकटात मिळालं असतं. दुसरा उपद्रव म्हणजे ‘सुबक दिसत नाही’ म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, आउटलाइन नन लिहून निवडलेल्या बटणाभोवतीची चौकट घालवणं. मग फोकस, म्हणजे आत्ता निवडलेलं बटण, कुठे आहे हे डोळसालाही कळत नाही. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या नियमावलीत कीबोर्डने सगळं चालणं ही सर्वांत खालच्या, म्हणजे ए पातळीची अट आहे. चैनीची मागणी नव्हे.
डोळसांसाठी तात्पुरता उपाय: डावा ऑल्ट + डावा शिफ्ट + नम लॉक दाबून माऊस कीज सुरू करा. नमपॅडने पॉइंटर हलतो, ५ म्हणजे क्लिक. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर हा मार्ग बंद.

करंगळी
टॅबटॅब, +१. लॅपटॉपचा विषय निघालाच आहे तर: बहुतेक मॉडेलवर नुसतं एफ८ दाबलं की आवाज किंवा उजेड बदलतो. बऱ्याच ठिकाणी एफएन+एस्केप दाबलं की एफची बटणं पुन्हा एफ म्हणूनच चालतात. एक्सेलमध्ये बाण दाबल्यावर सेल न बदलता अख्खं शीट सरकू लागलं तर स्क्रोल लॉक चालू आहे. लॅपटॉपवर ते बटण नसेल तर विंडोज+कंट्रोल+ओ ने पडद्यावरचा कीबोर्ड उघडून त्यातल्या स्क्रोल लॉकवर क्लिक करा. हो, माऊसने :)
आणि सगळी कंट्रोलं डाव्या करंगळीने दाबू नका, दुखणं तिथूनच सुरू होतं. डाव्या बाजूच्या अक्षराला उजवा कंट्रोल वापरा.

उंदीरमामा
बघा, शेवटी माऊसच! खतावणी, आता हे सांगा: दुसरा मॉनिटर काढल्यावर खिडकी पडद्याबाहेर राहते. तिथे तर माऊसही पोचत नाही.

खतावणी
ऑल्ट+टॅबने ती खिडकी निवडा. ऑल्ट+स्पेस, मग एम (मूव्ह), मग कोणताही एक बाण, आणि पुढे बाण दाबून धरा. मॅक्सिमाइझ असेल तर मूव्ह चालत नाही, आधी ऑल्ट+स्पेस, आर (रिस्टोअर). पंधरा दिवसांवर मी अजून ठाम आहे. वेबसाइटच्या कामाला मात्र पहिल्या दिवसापासून माऊस द्या.