‘लीनता’ नवरा-बायकोत कशी समजवायची?

सदरकर: सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) लग्न ठरलेल्या मुलामुलींच्या पाळकसाहेब बैठका घेतात, त्यासाठी छोटी पुस्तिका करतोय. बायबलात पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘लीनतेने एकमेकांना आपणांपेक्षा श्रेष्ठ माना’ (2:3) हे वचन तिचा गाभा आहे. मागच्या बैठकीत एका मुलीनं विचारलं, “लीन म्हणजे मीच ना? सासरी लीन राहा, हे तर आत्तापासूनच ऐकते आहे.” तिचं खोटं नाही. मराठीत ‘लीन’ कायम वर बघतं: चरणी लीन, गुरूपुढे लीन. नवरा बायकोपुढे लीन झाला, असं कोण म्हणतं? वचन बदलायचं नाही, पण खाली अर्थ लिहायचाय. तिथे ‘लीनता’च ठेवू की ‘नम्रता’ करू?

धरमपेठी वाचक: नम्रता करा. ‘नम्’ म्हणजे वाकणं, आणि वाकलेला माणूस पुन्हा ताठ उभा राहू शकतो. ‘ली’ धातूत चिकटणं, विरून जाणं आहे. लग्नात एकानं विरून जावं, हे शिकवायचंय का? मी ख्रिस्ती नाही, पण तुकोबांचं ‘नम्र झाला भूतां, तेणें कोंडिलें अनंता’ तुम्हालाही पटेल. भूतां म्हणजे सगळ्या जिवांपुढे, नुसतं देवापुढे नव्हे. तुम्हाला जी दिशा हवी ती या शब्दात आधीच आहे.

जरीपटका: मला पटत नाही. ‘नम्रता’ आज निमंत्रणपत्रिकेवर आणि पाटीवर राहते. ‘रांगेत उभे राहावे ही नम्र विनंती.’ ती बोलायची रीत झाली, मनाचं त्यात काही उरलं नाही. मत्तय 11:29 मध्ये येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणतो, आणि म्हणतो कुणाला? कष्टी, ओझ्यानं वाकलेल्या लोकांना. तो त्यांच्या चरणी नाही, तरी लीन आहे. शब्दाची दिशा तिथेच फिरली. पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत घडलेला अर्थ एका पुस्तिकेसाठी टाकायचा?

सदरकर: पण उपासनेबाहेर, स्वयंपाकघरात, तो अर्थ पोचत नाही. अडचण तीच आहे.

मूळपाठ: ग्रीक बघितलं तर भांडणच नको. शब्द तापेइनोफ्रोसिने. फिलिप्पैकरांत त्याला लीनता म्हटलंय, आणि 1 पेत्र 5:5 मध्ये त्याच शब्दाला ‘नम्रतारूपी कमरबंद बांधा’. म्हणजे आपल्या शास्त्रातच दोन्ही आहेत. महत्त्वाचं वेगळंच आहे. त्यातला ‘तापेइनोस’ म्हणजे खालचा, हलका. ग्रीक लोकांत ही सहसा स्तुती नव्हती. फिलिप्पै ही रोमी वसाहत, मानपान जपणारं गाव. तिथल्या माणसांना पौल सांगतो की हे खालचेपण आपणहून घ्या. आणि उदाहरण कुणाचं देतो? दासाचं नाही. देवाच्या स्वरूपाचा असून ज्यानं स्वतःला रिक्त केलं, त्याचं (2:6-7). म्हणून घरात लीनतेचा प्रश्न आधी त्याला विचारायचा, ज्याचा शब्द त्या घरात चालतो. त्या मुलीला हे ठळक सांगा, मग शब्द कोणताही ठेवा.

आणखी एक. याच पत्रात पुढे (4:2) युवदीया आणि सुंतुखे या तिथल्या मंडळीतल्या दोघींना एकचित्त व्हायला सांगताना पौल विनंती दोनदा करतो. ‘युवदीयेला विनंती करतो व सुंतुखेला विनंती करतो.’ एकीलाच नमतं घ्यायला लावत नाही.

वर्धा रोड: आमच्या आजीले ‘लीन’ कधी म्हणताना नाही ऐकलं. चांगल्या पाळकाबद्दल ती म्हणे, “गर्व नाही बाप्पा त्याले, घरी येऊन विचारपूस करते.” माझ्या मते अर्थ तिथंच आहे. वचन तिसऱ्यावर थांबत नाही. चौथ्यात ‘दुसऱ्यांचेही हित पाहा’ आहे. मान खाली घालून बसलेला आणि शेजाऱ्याची फिकर नसलेला माणूस लीन कसा?

धरमपेठी वाचक: विचारपूस छान. पण पुस्तिकेत ‘फिकर’ नको, अरबी आहे. ‘काळजी’ लिहा. काळजाशी नातं सांगणारा अस्सल शब्द.

जरीपटका: सुरुवातच ‘सलाम’नं झालीय, तो कुठला? बाप्तिस्मा कुठला? आमच्या घरात हे शब्द रुजलेत, ते परके नाहीत. पंडिता रमाबाईंनी 1924 साली छापून आलेलं बायबलचं भाषांतर साध्या बायकांना कळावं म्हणून केलं होतं. तीच कसोटी लावा: ऐकणारीला कळतं का?

मूळपाठ: ‘काळजी’ काळजातून आली हे ऐकायला गोड आहे, आधार दाखवा. मला त्यापेक्षा ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’ यांतला फरक मोलाचा वाटतो. 1 पेत्र 5:7 मध्ये चिंता टाकायची आहे आणि काळजी देव घेतो. सासू सुनेची काळजी करते, घेते का, हा प्रश्न पुस्तिकेत हवाच.

सीताबर्डी: नागपुरात बसून ही चर्चा चाललीय म्हणून आठवलं. उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच स्थापन झाली. सहा मंडळ्या एक झाल्या. बालबाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढपणीच बाप्तिस्मा देणारे एका छत्राखाली आले, दोन्ही रीती मान्य झाल्या. कुणी कुणात विरून गेलं नाही. पुस्तिकेत हे उदाहरण घाला, मुलांना जवळचं वाटेल.

धरमपेठी वाचक: म्हणजे ‘ली’ धातू नकोच, माझं तेच म्हणणं.

जरीपटका: विरणं हा धातूचा अर्थ, शब्दाचा नव्हे. धातूवरून अर्थ लावायचा तर ‘विनय’ म्हणजे घेऊन जाणं होईल.

वर्धा रोड: काळजाचं म्हणाल तर आमच्याकडे कोणी आजारी पडलं की “काळीज लागून राहिलं” म्हणत. त्याचा अन् काळजीचा संबंध नसेल असं मले वाटत नाही. तिकडे काय म्हणतात?