नवी सीपीव्हीसी लाईन टाकून तीन आठवडे, आणि बेडरूमची भिंत ओली. प्लंबर म्हणतो "जुनी ओल आहे"

तिसरा_मजला

पुण्यात सात मजली सोसायटी, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाथरूमची जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपची) लाईन गंजली होती, म्हणून सगळी काढून सीपीव्हीसी (गरम पाणीही झेलणारा प्लास्टिकचा पाईप) करून घेतली. काम लमसम दिलं: थंड आणि गरम लाईन, डायव्हर्टर (शॉवर आणि नळाचा भिंतीतला गरम-थंड मिक्सर), गीझर, बेसिन, जेट, फ्लश टँक. मजुरी १४,०००. सामान प्लंबरनेच आणलं, त्याचे ९,२०० वेगळे घेतले, पण दुकानाचं बिल दिलं नाही. सकाळी जोडणी, दुपारी झरी (पाईपसाठी भिंतीत खोदलेली खाच) बुजवली, दुसऱ्या दिवशी टाईल्स. प्रेशर टेस्टचं विचारलं तर "नळ सोडून बघितला ना, कुठे गळतंय?" हे उत्तर.

तीन आठवड्यांत बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघायला लागले, जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत. खालच्यांच्या छतालाही कोपऱ्यात डाग आलाय. प्लंबर पहिल्यांदा म्हणाला जुनी ओल आहे, वाळेल. नंतर येऊन टाईल्सच्या सांध्यांत व्हाईट सिमेंट भरून गेला. आता म्हणतो फोडावं लागेल आणि त्याची मजुरी वेगळी.

माळ्यावर उरलेले पाईपचे दोन तुकडे सापडले. एक पिवळसर, एक पांढराशुभ्र. दोन्ही पाऊण इंची म्हणूनच आणलेले, पण पांढरा जाड दिसतो. याला काही अर्थ आहे का? आणि सगळी भिंत न फोडता गळती कुठे आहे ते कळेल का?

---

पाईपपाना

अर्थ आहे, आणि चांगला नाही. पिवळसर तो सीपीव्हीसी. त्यावर आयएस १५७७८ आणि एसडीआर (व्यास आणि जाडीचं प्रमाण) ११ किंवा १३.५ असा छाप असेल. पांढरा बहुतेक यूपीव्हीसी, म्हणजे फक्त गार पाण्याचा. तुकडा फिरवून छाप वाचा आणि दोन्हींचा बाहेरचा व्यास मोजा. पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२.२ मिमी भरतो, पाऊण इंची यूपीव्हीसी २६.७ मिमी. नाव एकच, माप वेगळं. त्यामुळे एकाचा पाईप दुसऱ्याच्या फिटिंगमध्ये बसत नाही. सरळ मार्ग म्हणजे मध्ये आट्यांचं फिटिंग घालणं. ते हाताशी नसलं की काही मिस्त्री पाईपचं तोंड गॅसवर तापवून फुगवतात आणि आत दुसरा पाईप सरकवतात. असा सांधा नळ सोडून बघितला तर गळत नाही. आठ-पंधरा दिवस गरम-गार झालं की सुटतो.

पांढरा तुकडा गार लाईनवर वापरला असेल तर एक वेळ ठीक. गरम लाईनवर असेल तर तो काढावाच लागेल, आज गळत नसला तरी. गीझरचा थर्मोस्टॅट ७५ अंशांपर्यंत जातो. यूपीव्हीसीची ताकद ६० अंशांनाच थंड पाण्याच्या मानाने एक पंचमांशाच्या आसपास उरते, त्यापुढे तो मऊच पडतो.

पण आत्ता छिन्नी लावू नका. आधी लाईन गळते, ड्रेनेज गळतं की फरशीतून पाणी झिरपतं, हे तीन वेगळे करा. ड्रेनेजचं सोपं आहे: नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीखालच्या भोकात) प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, दीड-दोन इंच पाणी साठवा, टाईलवर पेन्सिलने खूण करा आणि २४ तास बाथरूम वापरू नका. पाणी उतरलं आणि खालचा डाग वाढला तर फरशी किंवा ट्रॅपचा सांधा. खूण जागेवर राहिली तर फरशीवरचा संशय गेला. मग बुच काढून ते सगळं पाणी एकदम जाऊ द्या आणि खालच्यांना डागावर लक्ष ठेवायला सांगा. त्यानंतर डाग वाढला तर ट्रॅपच्या पुढचा पाईप.

---

साइटवरचा

लाईनच्या तपासणीसाठी अर्धा इंची आट्यांचा प्रेशर गेज आणा, ० ते ७ किलोचा (किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरवरचा दाब). हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. हायड्रो टेस्ट पंप (लाईनमध्ये हाताने पाण्याचा दाब चढवायचा पंप) आत्ताच लागणार नाही, गच्चीवरच्या टाकीचा दाब पुरतो. दहा मीटर उंचीला एक किलो धरा. तिसऱ्या मजल्यावर टाकीपासून १५-१६ मीटर भरतील, म्हणजे काटा दीड किलोच्या आसपास थांबला पाहिजे.

आधी मेन कॉक तपासा. बाथरूमचा मेन कॉक बंद करून कुठलाही गार नळ उघडा. पाच मिनिटांनीही धार पूर्ण थांबली नाही तर कॉकच पाणी सोडतोय. अशा कॉकवर केलेली टेस्ट खोटी येते, कारण गळेल तेवढं पाणी मागून भरत राहतं आणि काटा हलतच नाही.

कॉक ठीक असेल तर गार लाईन घ्या. जेटच्या अँगल कॉकची (भिंतीवरच्या छोट्या कॉकची) नळी काढून तिथे टेफ्लॉन लावून गेज बसवा. फ्लश टँकचा अँगल कॉक बंद, गीझरच्या इनलेटचा बंद, सगळे नळ बंद. अँगल कॉक उघडा, काटा स्थिरावू द्या, मग मेन बंद करा आणि तासभर बघा. काटा जरासा खाली येऊन थांबला तर तो वॉशरचा किंवा आत अडकलेल्या हवेचा खेळ. सतत उतरत राहिला तर गळती.

मग गरम लाईन. गीझरचं बटण बंद करून पाणी गार होऊ द्या, नाहीतर तापमानाबरोबर दाबही बदलतो आणि काही कळत नाही. बेसिनच्या गरम अँगल कॉकची कनेक्शन पाईप काढून तिथे गेज लावा. मेन आणि गीझरचा इनलेट उघडा ठेवून दाब भरा, मग इनलेट बंद करा. गरम लाईनला पाणी गीझरमधूनच जातं, त्यामुळे इनलेट बंद झाला की ती वेगळी पडते. डायव्हर्टरचे गरम-थंड दोन्ही भाग पूर्ण बंद हवेत. अर्धवट उघडे राहिले तर थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाईनमध्ये शिरतं आणि गळती असूनही काटा टिकतो.

---

गळतीमुक्त

एवढं सगळं कशाला? पीयू (पॉलीयुरेथेन) इंजेक्शन करून घ्या. भिंतीला भोकं पाडून केमिकल भरतात, एका दिवसात काम होतं, टाईल्स तशाच राहतात.

---

साइटवरचा

@गळतीमुक्त, पीयू इंजेक्शन स्लॅबच्या भेगा आणि काँक्रीटचे सांधे भरायला असतं. इथे सांधा सुटला असेल तर त्यावर दीड किलोचा दाब चोवीस तास आहे. केमिकलने पाण्याची एक वाट बुजली की ते दुसरी शोधतं, आणि भिंतीत नेमकी जागा शोधणं आणखी अवघड होऊन बसतं. आधी पाईप दुरुस्त करावा. त्यानंतरही फरशीतून झिरपत असेल तर वॉटरप्रूफिंगचं बघता येईल. व्हाईट सिमेंटचंही तेच, भिंतीच्या आत गळत असताना वरून सांधे भरून काही होत नाही.

---

तिसरा_मजला

टेस्ट केल्या. नहाणीचं पाणी २४ तास जागचं हललं नाही, सोडल्यावरही खालचा डाग होता तेवढाच. मेन कॉक नीट बंद होतोय. गार लाईन: १.६ किलो, तासाभरानंतरही १.६. गरम लाईन: १.६ वरून दहा मिनिटांत ०.२.

पांढऱ्या तुकड्याचा व्यास साधारण साडेसव्वीस मिमी आला, छापही यूपीव्हीसीचाच आहे. प्लंबरला फोटो पाठवला तर म्हणतो "गीझरच्या वर थोडाच वापरलाय, सगळे वापरतात".

---

पाईपपाना

म्हणजे गरम लाईनच. "सगळे वापरतात" यातला सगळे कोण ते त्यालाच विचारा.

बेसिनवरचा गेज काढून नळी परत जोडा. गीझर ६० वर ठेवा आणि बेसिनचा गरम नळ दहा मिनिटं चालू ठेवा. बेडरूमच्या बाजूने भिंतीवर तळहात फिरवत जा. चार इंची भिंतीत झरी खोल गेली असेल तर गरम लाईनचा मार्ग हाताला कळतो. सांध्यापाशी ऊब पट्ट्यासारखी न राहता पसरलेली लागते. कोणाकडे थर्मल कॅमेरा असेल तर उत्तमच. एक ध्यानात ठेवा, पाणी भिंतीत खाली उतरतं आणि प्लास्टर ते थोडं वरही ओढतं, त्यामुळे तीन फुटांपर्यंत ओल दिसते म्हणून गळती तीन फुटांवर असेलच असं नाही. गीझरच्या आउटलेटपासून खाली येणारा उभा पाईप आणि तो आडवा वळतो तो एल्बो, ही पहिली जागा. डायव्हर्टरच्या गरम बाजूचा सांधा दुसरी.

गरम लाईनमध्ये यूपीव्हीसी सापडला की गीझर ते डायव्हर्टर ते बेसिन ही गरम लाईन पूर्ण बदला. ठिगळ लावत बसू नका. एवढ्या बाथरूमला तीन मीटरच्या दोन कांड्या पुरतात. पितळी आट्यांचे एल्बो प्रत्येक पॉइंटला नवे. चिकटवलेलं सीपीव्हीसी फिटिंग परत वापरता येत नाही, "हा एल्बो चांगला आहे" म्हणून ठेवू देऊ नका.

सोल्यूशन (सांधा चिकटवायचं) सीपीव्हीसीचंच, डब्यावर तसं लिहिलेलं हवं. गोठून दह्यासारखं झालेलं असेल तर डबा परत करा. पाईप कटरने काटकोनात कापायचा, कडेची बुरी काढायची आणि बाहेरून थोडा उतार द्यायचा, नाहीतर पाईप आत जाताना सोल्यूशन खरवडून काढतो. सुका बसवून बघायचा. तो सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन अडला पाहिजे. सोल्यूशन पाईपला सढळ, सॉकेटच्या आत पातळ. तिथे जास्त झालं तर आत साठून पाईपचं भोक अरुंद करतं. पाव फेरी फिरवत तळापर्यंत ढकलायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. सोडला की पाईप स्वतःहून बाहेर सरकतो, बऱ्याच गळत्या इथल्याच. आट्यांना फक्त टेफ्लॉन, आठ-दहा फेरे. सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) आणि धागा जीआयसाठी, त्यातलं तेल सीपीव्हीसीला चालत नाही.

---

कडीकोयंडा

यात एक राहिलं. टाईल लावल्यावर एल्बोचं तोंड टाईलच्या पातळीत आलं पाहिजे. आत राहिलं की पुढे आणायला जीआयचा निपल (आट्यांचा छोटा जोड) लावतात, तो पितळेला लागून गंजतो आणि दोन-तीन वर्षांत आतून झिरपायला लागतो. जोड लागलाच तर पितळी किंवा स्टीलचा घ्या. एकाला एक असे दोन जोड लावू देऊ नका.

आणि गरम पाईप गच्च सिमेंटमध्ये गाडू नये. तीन मीटरचा सीपीव्हीसी ४० अंश तापला की जवळपास ८ मिमी लांबतो. दोन्ही टोकांचे एल्बो सिमेंटने जखडले तर तो ताण सांध्यावर येतो. पाईपवर फोमची नळी चढवून मग माल भरा.

---

साइटवरचा

झरी बुजवण्याआधी या वेळी हायड्रो टेस्ट पंप लावायचाच. डायव्हर्टरसोबत टेस्टचे बुच आलेले असतात, ते लावा, बाकी तोंडांना अर्धा इंची प्लग. गीझर वेगळा ठेवा, इनलेट-आउटलेट दोन्हींकडे प्लग. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर टेस्टचा दाब जाता कामा नये. सगळ्यात उंच प्लग सैल सोडून हवा काढा. सोल्यूशनला २४ तास द्या, मग ७ किलोपर्यंत पंप करून दोन तास. काटा हलता कामा नये. गेजचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी, झरीचा फोटो शेजारी टेप धरून. पुढे कोणी टॉवेलच्या दांडीसाठी भोक पाडताना तो फोटो उपयोगी पडतो.

---

कलम_आणि_कागद

पैशांचं. तोंडी भांडू नका. गेजचे दोन आकडे, यूपीव्हीसीचा छाप आणि मोजमाप यांचे फोटो प्लंबरला व्हॉट्सअॅपवर पाठवा. गरम लाईन स्वतःच्या खर्चाने बदलून द्या किंवा अमुक रक्कम परत करा, सात दिवसांत कळवा, असं लिहा. त्याचं "सगळे वापरतात" हे उत्तर जपून ठेवा, त्यात त्याने यूपीव्हीसी वापरल्याचं कबूल केलंय. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद चालते.

उत्तर आलं नाही तर १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन) तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष सेवेची तक्रार दोन वर्षांत करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन दाखल होते. मात्र त्याला सात दिवस द्या आणि तोपर्यंत भिंत फोडू नका. त्यानंतर दुसऱ्या प्लंबरकडून फोडून घेतलीत तर काढलेला सांधा फेकू नका, तोच पुरावा.

खालच्यांच्या छताचं: आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅटच्या आतल्या गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने, सामाईक पाईप आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीकडे. इथे ती तुमच्याकडेच येते. त्यांच्या रंगाचा खर्चही प्लंबरकडे मागायच्या रकमेत धरा.

---

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. मेसेज पाठवला आहे. तोपर्यंत गीझरचा इनलेट बंद ठेवला तर चालेल ना? आणि बेडरूमला रंग कधी देता येईल?

---

पाईपपाना

चालेल, पण इनलेट बंद असताना गीझरचं बटण चालू करू नका, एमसीबीच पाडून ठेवा. रंगाची घाई नको. पोपडे आणि लांबी (पुट्टी) प्लास्टरपर्यंत खरवडून टाका, भिंत उघडी ठेवा, पंखा लावा. चार इंची भिंत असली तरी महिना धरा, पावसाळ्यात जास्त. वाळल्याची खात्री करायला दोन फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा. वाळताना पांढरा लोणा (क्षार) वर येईल, तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने पुसलात तर परत आत जाईल.